सदाशिवरावभाऊ: पानिपतावर तलवारी भिडण्याआधी पत्रं थांबली होती

कल्याणहून कर्जतकडे जाणारी लोकल पकडली की तीन स्टेशनं लागतात. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. रोज गर्दीत उभं राहून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण या तिन्ही गावांचं फौजेशी नातं आहे. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेला कल्याण कॅम्प. आजही तिथले पत्ते कॅम्प नंबरावरून सांगितले जातात. अंबरनाथला दारूगोळ्याचा कारखाना आहे, म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी. आणि बदलापूरच्या नावाची गोष्ट तर सगळ्यांत जुनी. मराठ्यांचे स्वार इथं दमलेले घोडे बदलून ताजे घोडे घ्यायचे, म्हणून हे बदलापूर, असं इथले लोक सांगतात.

ही गोष्ट खरी असो वा दंतकथा, त्यातली एक बाब मात्र शंभर टक्के खरी आहे. त्या काळात बातमी घोड्याच्या पायांनी नाहीतर माणसाच्या पायांनी चालायची. आज मेसेज पाठवला की दोन निळ्या खुणा दिसतात आणि समोरच्यानं वाचलं हे कळतं. अडीचशे वर्षांपूर्वी लाखभर माणसांचा जीव या एकाच प्रश्नावर टांगला होता, की पाठवलेलं पत्र पोहोचलं का?

त्या माणसांचा सेनापती होता सदाशिवरावभाऊ. पानिपत म्हटलं की आपल्याला त्यांचा शेवटचा दिवस आठवतो. आज त्यांचं आयुष्य पत्रांच्या बाजूनं पाहू.

आई गेली, वडील गेले, आजीनं वाढवलं

भाऊंचा जन्म ऑगस्ट १७३० मधला. वडील चिमाजीअप्पा, म्हणजे पहिल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ. १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकणारे ते हेच. आज ज्या भागातून आपली लोकल धावते, त्या उत्तर कोकणातली पोर्तुगीजांची सत्ता त्या मोहिमेनं मोडली.

भाऊ अगदी तान्हे असताना आई रखमाबाई वारल्या. १७४० मध्ये आधी काका बाजीराव गेले आणि वर्ष संपायच्या आत चिमाजीअप्पाही गेले. दहा वर्षांच्या पोरक्या मुलाला आजी राधाबाईंनी वाढवलं. रामचंद्रबाबा शेणवी हे त्यांचे गुरू. त्यांनी या मुलाला तलवारीबरोबर हिशेब, दप्तर आणि पत्रव्यवहार शिकवला.

हे लक्षात ठेवा, कारण भाऊंची ख्याती पहिल्यांदा झाली ती कारभारी म्हणून. १७४६-४७ मध्ये त्यांनी कर्नाटकात पहिली मोहीम यशस्वी केली. १७५० मध्ये सांगोल्याचं बंड मोडलं. पुढं पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या कारभाराची सूत्रं त्यांच्या हाती आली. कुठल्या सरदाराकडं किती बाकी आहे, कुठल्या सुभ्यातून वसूल आला नाही, हे ते बारकाईनं पाहत. हिशेबात कडक आणि बोलायला फटकळ, अशी त्यांची प्रतिमा होती. अशा माणसाला जसे मान देणारे भेटतात, तसे मनात राग धरणारेही भेटतात.

एक विजय आणि रस्त्यात असलेली एक बातमी

३ फेब्रुवारी १७६० रोजी भाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा तेव्हा मराठ्यांकडं होत्या. तहात सुमारे साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख मिळाला. भाऊ तेव्हा तिशीतही नव्हते. दक्षिणेत त्यांच्या तोडीचं कुणी उरलं नाही, असं वाटण्याचा तो क्षण होता.

पण थांबा. उदगीरला जल्लोष चालला होता, तेव्हा दिल्लीजवळ यमुनेकाठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे मारले जाऊन तीन आठवडे उलटले होते. ती तारीख होती १० जानेवारी १७६०. अहमदशाह अब्दाली आणि नजीबखान रोहिल्याच्या फौजेनं उत्तरेतली मराठ्यांची आघाडी मोडली होती. ही बातमी दक्षिणेत पोहोचायला महिन्याहून अधिक काळ गेला. फेब्रुवारीच्या मध्याला पेशव्यांच्या हाती ते पत्र पडलं आणि विजयाचा आनंद तिथंच विरला.

म्हणजे पानिपतच्या मोहिमेची सुरुवातच मुळात उशिरा पोहोचलेल्या पत्रानं झाली. जालन्याजवळ परतूर-पडदूर भागात खलबतं झाली. उत्तरेत जायचं कुणी? अनुभवी रघुनाथरावांऐवजी भाऊंची निवड झाली. सोबत नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव. मार्च १७६० मध्ये फौज निघाली. तिच्याबरोबर बायका, यात्रेकरू, व्यापारी आणि सेवेकरी असा प्रचंड लवाजमाही निघाला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईही सोबत होत्या.

पत्र जायचं कसं?

आता थोडं त्या काळच्या टपालाबद्दल. पत्र लिहिलं जायचं मोडी लिपीत, बोरूनं. कारकून भराभर लिहीत, वर शिक्का मारला जाई आणि पत्र खलित्यात, म्हणजे कापडी पिशवीत घातलं जाई. ते नेणारे म्हणजे जासूद, हरकारे, काशीद. बरेचदा जासुदांची जोडी पाठवली जाई. एकाचं बरंवाईट झालं तर दुसरा पोहोचेल, एवढाच हिशेब. घाईचं असेल तर सांडणीस्वार, म्हणजे उंटावरचा स्वार.

या माणसांना नदी, जंगल, चोर आणि शत्रूच्या चौक्या हे सगळं पार करावं लागे. पकडला गेला तर जीव जाई. पत्र फुटलं तर आपल्या फौजेचा बेत शत्रूला कळे. म्हणून नाजूक गोष्टी तोंडी सांगायला दिल्या जात किंवा सांकेतिक भाषेत लिहिल्या जात.

छावणीत पत्र आलं की ते वाचून दाखवलं जाई. बहुतेक शिपायांना लिहितावाचता येत नसे. त्यामुळं घरचं काही आलं तर जवळच्या लिहित्या माणसाकडं जायचं, त्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचं. एकाचं पत्र दहा जणांचं होऊन जाई.

आणि पत्रातून फक्त खुशाली येत नसे. पैसाही येई. हुंडी म्हणजे सावकाराच्या नावे लिहिलेला कागद. तो दाखवला की दुसऱ्या शहरात रोकड मिळे. म्हणजे पत्रांचा रस्ता बंद झाला की बातमी थांबे, पगार थांबे आणि मग धान्यही थांबे. एकाच वाटेनं तिन्ही गोष्टी येत होत्या.

सगळीकडे पत्रं, पण हाती काय?

उत्तरेत जाताना भाऊंनी वाटेतल्या राजांना, नवाबांना पत्रं लिहिली, वकील पाठवले. राजपूत राजे तटस्थ राहिले. अवधचा नवाब शुजाउद्दौला हा सगळ्यांत महत्त्वाचा मोहरा होता. तो ज्याच्या बाजूला जाईल त्याचं पारडं जड होणार होतं. मराठ्यांच्या बाजूनं पत्रं आणि निरोप चालू होते. नजीबखानानं वेगळा मार्ग धरला. तो स्वतः उठून शुजाला जाऊन भेटला आणि त्याला अब्दालीच्या गोटात घेऊन आला. पत्राला समोरासमोरच्या भेटीची ताकद नसते, हा धडा तेव्हाही होताच.

ऑगस्ट १७६० च्या सुरुवातीला भाऊंनी दिल्ली घेतली. पण खजिना रिकामा. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत काढून त्याची नाणी पाडावी लागली. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये मिळाले. एवढ्या मोठ्या फौजेला ते किती दिवस पुरणार? याच काळात भरतपूरचा सूरजमल जाटही साथ सोडून निघून गेला.

पैशासाठी भाऊंची सगळी भिस्त होती गोविंदपंत बुंदेल्यांवर. मूळचे कोकणातले गोविंद बल्लाळ खेर. गंगा-यमुनेच्या दुआबातून, म्हणजे अंतर्वेदीतून वसूल गोळा करायचा, तो भाऊंना पाठवायचा आणि अब्दालीची रसद तोडायची, ही त्यांची कामं. भाऊंनी त्यांना लिहिलेली कितीतरी पत्रं आज उपलब्ध आहेत. पैसा पाठवा, हिशेब द्या, हालचाल करा, हाच त्यांचा सूर. वाचताना हळूहळू लक्षात येतं की लिहिणारा चिडत चाललाय, आणि त्या चिडण्याखाली काळजी आहे.

यमुना कुठं ओलांडली, हे उशिरा कळलं

१७ ऑक्टोबर १७६० रोजी भाऊंनी यमुनेकाठचं कुंजपुरा जिंकलं. धान्याचा मोठा साठा हाती आला. दत्ताजींना मारणारा कुत्बशाह इथंच पकडला गेला आणि मारला गेला. बदला पूर्ण झाला. भाऊ तिथून आणखी उत्तरेकडं कुरुक्षेत्राच्या बाजूला निघाले.

यमुना दुथडी भरलेली होती. पलीकडं अडकलेला अब्दाली इतक्यात अलीकडं येऊ शकणार नाही, असा अंदाज होता. तो चुकला. २५ ऑक्टोबरच्या सुमारास बागपताजवळ उतार शोधून अब्दालीनं नदी ओलांडायला सुरुवात केली. काही माणसं वाहून गेली, पण फौज पार झाली. भाऊंना नक्की बातमी मिळाली तेव्हा वेळ गेली होती. अब्दाली आता मराठे आणि दिल्ली यांच्या मधोमध उभा होता.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर आल्या. नकाशा डोळ्यांपुढं आणा. मराठ्यांचं तोंड दक्षिणेकडं, म्हणजे घराकडं, आणि घराच्या वाटेवर अब्दाली. अब्दालीच्या घराची वाट मराठ्यांनी अडवलेली. पण त्याला रोहिलखंडातून, दुआबातून रसद मिळत होती. मराठ्यांची दिल्ली, ग्वाल्हेर, पुणे ही सगळी माणसं अब्दालीच्या पलीकडं होती. जो जासूद निघेल त्याला शत्रूच्या चौक्यांतूनच जावं लागणार होतं.

पत्रं आटत गेली

सुरुवातीला काही पत्रं निसटून जात होती. नोव्हेंबर सरता सरता ती कमी झाली. ७ डिसेंबरच्या झटापटीत भाऊंचे जिवाभावाचे बळवंतराव मेहेंदळे पडले. त्याच महिन्यात अब्दालीच्या सरदारानं अचानक छापा घालून गोविंदपंतांना ठार केलं. ज्यांना भाऊ इतके दिवस पैशासाठी लिहीत होते, ते पत्र घेणारंच कुणी उरलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला दिल्लीहून खजिना घेऊन एक मराठी तुकडी निघाली. रात्रीच्या अंधारात ती वाट चुकली आणि समोर दिसणारी छावणी आपलीच समजून थेट अफगाणांच्या गोटात शिरली. माणसं कापली गेली, पैसा गेला. काही कोसांवर असलेल्या दोन मराठी ठाण्यांमध्ये एवढाही संपर्क उरला नव्हता.

इकडं नानासाहेबांचं काय चाललं होतं? डिसेंबरच्या अखेरीस पैठणला त्यांचं आणखी एक लग्न झालं. मग ते फौज घेऊन उत्तरेकडं निघाले. आज अनेक जण यावरून त्यांना बोल लावतात आणि त्यात तथ्यही आहे. पण हेही धरायला हवं की पानिपतावर लोक उपाशी आहेत, जनावरं मरताहेत, याची ताजी खबर त्यांच्यापर्यंत येत नव्हती. आणि पेशवे मदतीला निघालेत, हे छावणीत कुणाला ठाऊक नव्हतं. दोन भाऊ एकमेकांची वाट पाहत होते, आणि मधली तार तुटली होती.

पहाटेची चिठ्ठी

तहाची बोलणी मात्र शेवटपर्यंत चालू होती. शुजाउद्दौलाच्या पदरी काशीराज नावाचा मूळचा दक्षिणी ब्राह्मण होता. त्याच्यामार्फत भाऊ शुजाशी बोलत होते. याच काशीराजानं पुढं १७८० मध्ये फारसीत पानिपतचा वृत्तांत लिहिला, म्हणून त्या रात्रीचं आपल्याला इतकं कळतं.

१३ जानेवारीला सरदार आणि शिपाई भाऊंकडं आले. दोन दिवस पोटात अन्न नाही, असं कुढत मरण्यापेक्षा लढून मरू, असं त्यांचं म्हणणं. भाऊंनी मान्य केलं. उरलंसुरलं धान्य वाटून सगळ्यांनी पोटभर जेवून घ्यावं, असं ठरलं.

त्या रात्री भाऊंनी काशीराजाला एक छोटी चिठ्ठी पाठवली. अर्थ असा की, आता सहन करण्याची सीमा संपली. काही होण्यासारखं असेल तर लगेच करा, नाहीतर सरळ नाही म्हणून कळवा, कारण यानंतर लिहायला किंवा बोलायला वेळ राहणार नाही. आयुष्यभर दप्तर आणि पत्रव्यवहार सांभाळलेल्या माणसाचा हा शेवटचा कागद.

काशीराजानं तो पहाटे तीनच्या सुमारास शुजाला सांगितला. तेवढ्यात हेरांनी बातमी आणली की मराठे छावणीतून बाहेर पडून लढाईसाठी निघाले आहेत. उत्तर लिहिण्याची गरजच उरली नाही.

१४ जानेवारी १७६१चा दिवस. सकाळी इब्राहिमखानाच्या तोफांनी मोठं नुकसान केलं आणि मराठ्यांचं पारडं जड दिसत होतं. दुपारनंतर विश्वासरावांना गोळी लागली. ते पाहून भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. त्यानंतर ते कुणाला दिसले नाहीत.

मोती, मोहरा आणि चिल्लर

नानासाहेब तोवर माळव्यात भेलसा, म्हणजे आजच्या विदिशापर्यंत आले होते. २४ जानेवारीला त्यांच्या माणसांनी एक जासूद अडवला. त्याच्याकडं सावकारांचं पत्र होतं, औरंगाबादच्या पेढ्यांसाठी निघालेलं. उघडून पाहिलं तर व्यापाराच्या भाषेत तोट्याचा हिशेब. दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गमावल्या, आणि रुपे-तांब्याची चिल्लर किती गेली ते मोजता येत नाही, एवढाच मजकूर.

नानासाहेबांना अर्थ लगेच कळला. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊ. मोहरा म्हणजे मोठे सरदार. चिल्लर म्हणजे साधे शिपाई आणि सोबतची माणसं. मुलगा आणि भाऊ गेल्याची बातमी बापाला अशी कळली, दुसऱ्याच्या नावचं पत्र फोडून. लढाईला दहा दिवस झाले होते. सरकारी टपाल बंद पडलं, पण सावकारांचा कागद सातशे-आठशे किलोमीटर चालून आला, हेही विसरण्यासारखं नाही. २३ जून १७६१ रोजी पुण्यात पर्वतीवर नानासाहेब गेले.

चिल्लर हा शब्द मात्र मनात राहतो. त्या चिल्लरीतल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी वाट पाहत होतं. त्यांच्यासाठी कुणी सांकेतिक पत्र लिहिलं नाही. महिनोन्महिने वाट पाहून, वाचून परतलेल्यांना विचारून, एकेका घरानं आपापला निष्कर्ष काढला.

ज्या बातमीवर विश्वास बसला नाही

विश्वासरावांचा देह सापडला आणि शुजाच्या प्रयत्नानं त्याला अग्नी मिळाला. भाऊंचा म्हणून एक शिर नसलेला देह दाखवण्यात आला. पण पक्की खात्री अनेकांची कधीच पटली नाही. पार्वतीबाई सुखरूप परत आल्या. त्यांनी पती गेल्याचं अखेरपर्यंत मानलं नाही आणि सौभाग्याच्या खुणा उतरवल्या नाहीत.

खात्रीची बातमी नसली की अफवा जागा घेते. पुढं एक जण मीच भाऊसाहेब म्हणून उभा राहिला. तोच भाऊंचा तोतया. त्याच्यामागं माणसं जमली, बंड झालं आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड देऊन ते प्रकरण मिटवावं लागलं. पंधरा वर्षांपूर्वीची एक बातमी नीट पोहोचली नव्हती, त्याचा हा हिशेब.

मग पत्रांमुळं पानिपत झालं का?

फक्त पत्रांमुळं नाही. यमुनेचे उतार न राखणं, सोबतचा अवजड लवाजमा, उत्तरेत मित्र न टिकणं, खजिन्याची ओढाताण, ही सगळी कारणं खरी आहेत आणि काहींची जबाबदारी भाऊंवर येतेच. पण आपण पानिपताचा नकाशा वरून बघतो. अब्दाली कुठं, गोविंदपंत कुठं, नानासाहेब कुठं, सगळं आपल्याला एका नजरेत दिसतं. भाऊंना त्यातलं जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. कालचा निर्णय आजच्या माहितीवर तोलणं सोपं असतं.

या कथेचा शेवट पुन्हा पत्रांवरच होतो. पानिपतनंतर जवळपास १४० वर्षांनी इतिहासाचार्य राजवाड्यांना वाई परिसरात जुन्या कागदांची दप्तरं मिळाली. १८९८ मध्ये त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रं आहेत. तोवर पानिपतबद्दल बखरी आणि परक्यांचे वृत्तांत यांवरच भिस्त होती. आता खुद्द भाऊंच्या दरबारातले कागद बोलू लागले. पैसा पाठवा म्हणणारी, वाट पाहणारी, चिडलेली ती पत्रं वेळेवर उपयोगी पडली नाहीत, पण भाऊंची बाजू पुढच्या पिढ्यांना त्यांनीच सांगितली.

पुढच्या वेळी बदलापूर स्टेशन येईल आणि फोनला रेंज जाईल, तेव्हा दोन मिनिटं त्या जासुदांची आठवण काढा. रेंज आपल्याला पुढच्या स्टेशनाला परत मिळते. पानिपतावर ती अडीच महिने आली नाही.